आधी झाडू, मग डफ : सीमाभागातल्या गावांत कलावंतांनी काम कसं उभं करावं

गाडगेबाबा गावात यायचे ते हातात झाडू घेऊन. दिवसभर गल्ल्या झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनातही समोर बसलेल्या शेतकऱ्याला, म्हातारीला प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. चित्र, गाणं किंवा नाटक घेऊन गावात काम करायची इच्छा असलेला कुणी भेटला की मी त्याला आधी हा क्रम सांगतो. गावाने तुम्हाला काहीतरी करताना बघितलेलं असलं, की मग ते तुमचं ऐकतं.

मी बेळगावात राहतो, चित्रं काढतो. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत शाळांच्या भिंती रंगवतो, आणि शाहिरी करणाऱ्या मित्रांबरोबर कलगी-तुऱ्याचे, म्हणजे सवाल-जबाबाच्या शाहिरीचे, प्रयोग करतो. त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहितो आहे. ज्यांना प्रत्यक्ष उतरायचं आहे त्यांच्यासाठीच हा लेख आहे, म्हणून बारीकसारीक गोष्टीही गाळलेल्या नाहीत.

आपला भाग कलेच्या बाबतीत कोरडा नाही, हे आधी ध्यानात घ्या. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात चित्ररथांची मिरवणूक निघते, तेव्हा गल्लीतली पोरं रात्र रात्र जागून सजीव देखावे बसवतात. दिवाळीत अंगणोअंगणी किल्ले उभे राहतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे शिकले. तेव्हा आपण गावाला कला द्यायला चाललो आहोत असं मनात असेल तर ते वेशीवरच ठेवून जा. गावात कलावंत आहेतच. चित्ररथाला थर्माकोलचा बुरूज कापणारा, भजनात पखवाज धरणारा, हळदीला ओव्या म्हणणारी. आपलं काम त्यांना शोधण्याचं आणि त्यांच्या कलेला एखाद्या प्रश्नाशी जोडून देण्याचं.

आधी स्वतःचा हिशोब

एक गाव, एक प्रश्न, निदान सहा महिने. याहून कमी वेळ असेल तर स्वतंत्र उपक्रम सुरू करू नका. जे आधीच काम करत आहेत त्यांना हात लावा, तोही मोठाच उपयोग आहे. महिन्यातले किती रविवार देता येतील ते कागदावर लिहा, त्यातला एक वजा करा आणि उरलेले गावाला सांगा. "दर रविवारी येतो" म्हणून सांगायचं आणि तिसऱ्या रविवारी गैरहजर राहायचं, यानं मुलं फार हिरमुसतात. त्यांनी आंघोळ करून, केस विंचरून वाट बघितलेली असते.

जाण्यायेण्याचाही विचार करा. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात दुचाकीचा प्रवास जिकिरीचा असतो आणि संध्याकाळची शेवटची बस चुकली तर मुक्काम ठरलेला. मुक्कामाची तयारी ठेवाच. गावातल्या खऱ्या गप्पा रात्री जेवणं झाल्यावर कट्ट्यावर होतात.

मग शेतीचं वेळापत्रक. पश्चिम भागात जून-जुलैत भाताची रोप लावण असते, तेव्हा कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. नोव्हेंबर-डिसेंबरात सुगी, त्याच सुमाराला ऊसतोड सुरू होते. यात्रा आणि लग्नं एप्रिल-मेमध्ये. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर आणि जानेवारी ते मार्च हे दोन काळ आमच्या अनुभवात सोयीचे. मुलांबरोबर काम असेल तर दसऱ्याची आणि उन्हाळ्याची सुट्टी धरा, पण उन्हाळ्यात निम्मी मुलं आजोळी गेलेली असतात.

तीन फेऱ्या रिकाम्या हाताने

पहिल्या तीन भेटींत डफ नको, रंगाचे डबे नकोत, मोबाइलवर चित्रण तर नकोच. एक वही आणि पेन पुरे.

कुणाला भेटायचं? ग्रामपंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि सदस्य, शाळेत मुख्याध्यापक आणि एसडीएमसीचे (शाळा विकास आणि देखरेख समितीचे) अध्यक्ष, देवस्की पंच, युवक मंडळ, भजनी मंडळ. ही झाली गावाची ओसरी. यांना टाळून पुढे जाता येत नाही आणि जाऊही नये. पण माझ्या मते खरी माहिती आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या बायकांकडे असते. कुठल्या घरात काय शिजतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि आपण गेल्यावर मागचं निस्तरायचं असतं तेही त्यांनाच. त्यांचा वेळ मागताना आधी विचारा, "ताई, तुमचं काम कधी आटोपतं?"

प्रश्न साधे ठेवा. पाणी कुठून भरता? मुलगी कितवीला आहे, पुढे कुठल्या शाळेत जाणार, बस किती वाजता? गेल्या वर्षात गावात कशावरून भांडण झालं? या आधी कुणी संस्थेची माणसं आली होती का, आणि काय करून गेली? शेवटचा प्रश्न तर विसरूच नका. एका गावात एका मावशींनी मला सांगितलं होतं, "बसा की वो, चहा घेऊन जावा. तुमच्याआधीचेबी चहा घेऊनच गेले." त्या रागावलेल्या नव्हत्या, चहा खरंच ठेवला होता. पण ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

या फेऱ्यांत हाताला काम मिळालं तर करा. शाळेच्या बाकांना रंग, भजनी मंडळाच्या फाटलेल्या पखवाजाला शहरातून पुडी बसवून आणणं, वाचनालयाची पुस्तकं लावणं. हाच आपला झाडू.

प्रश्न जितका लहान तितका बरा

"स्त्री सक्षमीकरण" या विषयावर नाटक बसत नाही. "दहावीची परीक्षा संपली की मे महिन्यात मुलींच्या सोयरिकी जुळतात" या गोष्टीवर बसतं. "व्यसनमुक्ती"पेक्षा "गल्लीच्या तोंडाशी चोरून दारू विकली जाते आणि तिथूनच पोरी शाळेत जातात" हा विषय पकडता येतो. "पर्यावरण" म्हणण्यापेक्षा "मार्कंडेय नदीच्या घाटावर निर्माल्याच्या पिशव्या" म्हणा.

विषय पक्का करायच्या आधी स्वतःला विचारा: प्रयोग बघून उद्या सकाळी कुणाला काही करावंसं वाटलं, तर त्याला करण्यासारखं काय आहे? उत्तर नसेल तर तो विषय अजून कच्चा आहे. बालविवाहाच्या बाबतीत उत्तर आहे. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ भरल्याशिवाय लग्न लावता येत नाही; लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर कुणीही फोन करू शकतं. तातडी असेल तर ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. म्हणजे गाणं संपल्यावर लोकांच्या हातात एक नंबर आणि एक वाट उरते.

भाषेचा प्रश्न अंगावर घ्यायचा, टाळायचा नाही

सीमाभागात भाषा हा दुखरा विषय आहे. १ नोव्हेंबर (काळा दिन) आणि १७ जानेवारी (हुतात्मा दिन) या तारखांना आपल्या घरांत काय वाटतं हे बाहेरच्याला सांगूनही कळणार नाही. मी मराठी माणूस आहे आणि मराठी शाळा टिकाव्यात म्हणून जिवाचा आटापिटा करणाऱ्यांपैकी आहे. पण बालविवाह, दारू आणि घाण पाणी ही दोन्ही भाषांच्या घरांत सारखीच शिरतात, आणि बहुतेक गावांत एकाच बोअरवेलवर दोन्ही भाषांच्या घागरी लागतात. या कामात एका भाषेचे लोक बाहेर राहिले तर काम अर्धंच होतं. म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत.

गटात कन्नड घरातून आलेला निदान एक जण हवा, नुसता भाषांतराला नको, लिहायला बसणारा हवा. त्या दोन तारखांच्या आगेमागे आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रयोग ठेवायचा नाही. नाहीतर विषय बाजूला राहतो आणि भलतीच चर्चा रंगते. कुठल्याही संघटनेचा झेंडा, उपरणं किंवा पुढाऱ्याचा फोटो मंचावर येऊ द्यायचा नाही, मग तो आपल्या बाजूचा का असेना. भिंतीवर मजकूर लिहायचा तर दोन्ही लिप्यांत, आणि कन्नड मजकूर गावातल्याच कन्नड शिक्षकांकडून तपासून घेऊन. मोबाइलवर भाषांतर करून भिंतीवर चढवलेली एक चूक वर्षभर सगळ्यांना दिसत राहते. आणि कानडी घरात "बर्री, कूडरी" म्हणून बसायला सांगितलं तर बसा. मोडकंतोडकं का होईना, त्यांच्या भाषेत बोला.

कुठला कलाप्रकार घ्यायचा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागाइतकी सोय दुसरीकडे क्वचित असेल.

मराठी शाहिराच्या हातात डफ, साथीला तुणतुणं आणि मागून "जी जी रं जी". कन्नड गीगी पद गाणाऱ्याच्या हातातही डफ, साथीला तुणतुणं, आणि मागून "गीय गीय गागीय गीय". दोघे शेजारी उभे करा, दहा मिनिटांत एकमेकांचा ताल धरतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सवाल-जबाबाची परंपरा. आपल्याकडे तुरेवाले शिवाची म्हणजे पुरुषाची बाजू घेतात आणि कलगीवाले शक्तीची. गीगी पदातही हरदेशी पुरुषाला श्रेष्ठ ठरवतात आणि नागेशी बाईला. बाई मोठी की पुरुष मोठा, हा वाद घालायची रीत दोन्ही भाषांनी शतकानुशतकं सांभाळली आहे. बालविवाहावर बोलायला याहून तयार साचा कुठे मिळणार?

आम्ही बसवलेला एक तुकडा जवळून दाखवतो. तुरेवाला बापाच्या बाजूने उभा राहतो:

धाकटी झाली सोळा वर्षांची, स्थळ चालून आलं दारी,
हुंडा नको म्हणतात पाहुणे, मग उशीर का कारभारी?

कलगीवाली डफावर थाप मारून उत्तर देते:

सोळा वर्षांची पोर तुझी, तिचं दप्तर अजून दारी,
अठरा भरल्याबिगर अक्षता कशा टाकशील कारभारी?

मग धृपद, एकदा मराठीत "शिक पोरी, शिक", एकदा कन्नडमध्ये "ओदु मगळे, ओदु". चाल एकच. तिसऱ्या कडव्यापर्यंत मराठी पोरं "ओदु मगळे" म्हणायला लागलेली असतात.

लिहिताना एक काळजी घ्या. तुरेवाल्याची बाजू हास्यास्पद करू नका. बापाची भीती खरी असते: मुलीला लांबच्या कॉलेजला पाठवायची बस नाही, लोक बोलतात, धाकटी मागे उभी आहे, पुढच्या वर्षी स्थळ मिळेल का. ही कारणं ताकदीने मांडली तरच समोर बसलेला बाप मान वर करून पुढचं ऐकतो. त्याची थट्टा केली तर तो विडी ओढायला उठून जातो, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो.

दुसरा उपयोगी प्रकार म्हणजे थांबवायचं नाटक. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत घडवली. पंधरा मिनिटांचं नाटक अशा जागी थांबवायचं जिथे सगळं बिघडलेलं आहे, आमच्या नाटकात मुलीची सुपारी फुटते तिथे. मग सूत्रधार विचारतो, "इथं कोण काय करू शकलं असतं?" जो सांगेल त्याने उठून त्या पात्राच्या जागी यायचं आणि करून दाखवायचं. मुलीच्या, मावशीच्या, बाईंच्या, शेजारणीच्या जागी कुणीही येऊ द्या. बापाच्या जागी मात्र कुणी आला आणि "बरं, नाही करत लग्न" म्हणाला, तर सूत्रधाराने प्रेमाने त्याला परत पाठवावं. त्याने प्रश्न जादूसारखा मिटतो, घरात तसा मिटत नाही. सूत्रधाराला तालीम सगळ्यांत जास्त द्या. त्याला गप्प बसता आलं पाहिजे. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे. एकोणिसाव्या आकड्याला मागून कुणीतरी बोलतंच.

बाकीचं थोडक्यात. खानापूरला लाल मातीची मोठी परंपरा आहे, कुंभारकामाचं शिक्षण देणारी खादी ग्रामोद्योगाची केंद्रीय संस्थाही तिथे आहे. मुलांबरोबर मातीचे मुखवटे करायचे तर गावातल्या कुंभारालाच गुरुजी करा आणि त्याचा दिवसाचा रोज द्या. गोकाकच्या खेळण्यांच्या कारागिरांबरोबर बाहुल्या करता येतील. निपाणीच्या बाजूला विडी वळणाऱ्या बायकांचे हात कधीच मोकळे नसतात, पण कान मोकळे असतात. त्यांच्यासाठी बघायचं नाटक नको, ऐकायचं गाणं न्या, आणि त्या जमून विड्या वळतात त्या पडवीतच बसा. निपाणीने १९८१ चं तंबाखू आंदोलन पाहिलं आहे. तिथल्या बायकांना लढा म्हणजे काय हे आपण शिकवायला जाऊ नये, विचारावं.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेतल्या जोगतीणींबद्दलही एक सांगायचं आहे. देवदासी वाहण्याला कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली. त्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना चौंडकं वाजवणाऱ्या बाईला मंचावर उभं करून तिची कहाणी सांगायला लावायचा मोह होतो. तो आवरा. तिला वादक म्हणून बोलवा, वादकाचं मानधन द्या, आणि कहाणी सांगायची की नाही हे तिचं तिला ठरवू द्या.

माझ्या हातून झालेली चूक

हे लिहिताना अजून जड जातं. दारूवरचं पथनाट्य होतं. गावात ऐकलेल्या गोष्टींतून मी एक प्रसंग घेतला: नवरा बायकोचं शिलाई मशीन विकून दारू पितो. चांगला प्रसंग मिळाला म्हणून मला आनंद झाला होता. प्रयोगात मशीन उचलून न्यायचा प्रसंग आला आणि सगळी गर्दी हसत हसत एकाच बाजूला वळून बघायला लागली. तिथे बसलेली बाई पदर सावरून उठली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आशाताईंकडून कळलं की रात्री घरी गेल्यावर तिला मार बसला, "गावभर सांगतेस" म्हणून. तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आमचा नियम असा. ऐकलेल्या गोष्टीतल्या निदान तीन खुणा बदलायच्या: वस्तू, नातं आणि जागा. प्रयोगाच्या आठवडाभर आधी नाटक फक्त गावातल्या चार-पाच जाणत्या बायकांसमोर करायचं, बंद खोलीत, आणि त्यांना एकच विचारायचं: "हे बघून कुणाचं घर आठवतं का?" आठवत असेल तर प्रसंग काढून टाकायचा, कितीही रंगत असला तरी. प्रयोगाच्या रात्री गटातल्या दोघी जणी गावातच मुक्कामाला राहतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंबरोबर फेरी मारतात.

मुलांच्या बाबतीत तर आणखी जपावं लागतं. चित्र काढताना, मुखवटा घालून बोलताना एखादं मूल अचानक नको ते सांगून जातं. तेव्हा खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, आणि त्याच दिवशी १०९८ ला किंवा पोलिसांना कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ती आपल्या मर्जीची गोष्ट नाही. अशा मुलाचं नाव, शाळा, चेहरा, त्याने काढलेलं चित्रसुद्धा बाहेर जाता कामा नये. एरवीही मुलांचे फोटो पालकांची लेखी परवानगी असेल तरच, आणि एकही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही, हे गटातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगा.

परवानग्या

कागद आधी करून ठेवले की मन निवांत राहतं. पंचायतीला अर्ज द्यायचा: विषय, तारीख, जागा, माणसं किती. पोच घ्यायची. शाळेत काम असेल तर मुख्याध्यापक, एसडीएमसी आणि गरज पडली तर क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र. चौकात प्रयोग किंवा ध्वनिक्षेपक असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज; रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. अर्ज कन्नडमध्ये असला की काम लवकर होतं, एकदा नमुना करून ठेवा. भिंत खासगी असेल तर मालकाची सही, सार्वजनिक असेल तर पंचायतीची किंवा नगरपालिकेची. विनापरवाना भिंती रंगवण्याविरुद्ध कर्नाटकात १९८१ पासून कायदा आहे. देवळाच्या आवारात करायचं तर पंचांना विचाराच, आणि तिथे गावातला प्रत्येक जण येऊन बसू शकतो का हेही विचारा. कुणाला दूर बसावं लागत असेल तर प्रयोग शाळेच्या पटांगणात घ्या.

भिंत रंगवायची तर

पावसाळ्यात भिंतीला हात लावू नका. खानापूर भागात भिंती ऑक्टोबरपर्यंत ओल धरून असतात, आणि ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटतो. नवा गिलावा असेल तर महिनाभर सुकू द्या. शेवाळ असेल तर तारेच्या ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस कडक ऊन लागू द्या. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, वर अॅक्रिलिक इमल्शन दोन हात. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट धरा, खडबडीत भिंत जास्त रंग पिते. पांढरा, काळा आणि मूळचे तीन रंग (लाल, पिवळा, निळा) घेतले की बाकीचे मिसळता येतात. स्वस्तातले फिकट पिवळे आणि गुलाबी उन्हाने लवकर उडतात. गेरू, काळा, निळा टिकतात.

चित्र कुणाचं? माझं नाही. मुलांकडून, बायकांकडून कागदावर काढून घेतलेली चित्रं जोडून मी फक्त मांडणी करतो. ती मांडणी आठवडाभर पंचायतीच्या कट्ट्यावर लावायची, लोक काय म्हणतात ते ऐकायचं, बदलायचं. एका गावात बायकांनी सांगितलं, "पाणी भरणारी सगळी बाईच का दाखवली? ह्यांच्याबी डोक्यावर घागर द्या की." दिली. त्या भिंतीपुढे लोक सगळ्यांत जास्त थांबतात.

मोठं करायला चौकटींची पद्धत सोपी. कागदावर एक इंचाच्या चौकटी, भिंतीवर एक फुटाच्या. भिंतीवर रेघा मारायला दोरीला गेरूची पूड चोळा, दोन टोकं ताणून धरा आणि मधे धरून फटकावा. सरळ रेघ उमटते, पुसतेही. प्रत्येक मुलाला एक चौकट द्या. अक्षरं दहा फूट अंतरामागे निदान एक इंच उंचीची, म्हणजे तीस फुटांवरच्या रस्त्यावरून वाचायची तर तीन इंच. शिडीवर मुलं चढणार नाहीत, ती चार फुटांच्या खालचा भाग रंगवतील.

पैसा

आपण फुकट काम करतो म्हणून सगळ्यांनी फुकट करावं असं नाही. गावातला ढोलकीवाला त्या दिवसाची मजुरी बुडवून येतो. त्याला मजुरीइतकं तरी द्याच, आणि ते प्रयोग सुरू व्हायच्या आधी द्या. रंग, प्रवास, चहा, ध्वनिक्षेपक यांचा खर्च वर्गणीतून निघतो. गावाकडून थोडी तरी वर्गणी घ्या, तांदूळ किंवा जेवणाच्या रूपात का होईना. ज्यात आपला वाटा आहे ते लोक जपतात. दारूदुकानवाला, गुटखा विकणारा, निवडणुकीला उभा राहणारा यांचा पैसा घ्यायचा नाही. हिशोबाचा कागद शाळेच्या फलकावर लावा.

प्रयोगानंतरचे दिवस

प्रयोगाच्या रात्री टाळ्या पडतात, त्यावर जाऊ नका. आठव्या दिवशी परत जा आणि काय झालं ते विचारा. महिन्याने परत जा. बालविवाहाच्या कामात आम्ही मुख्याध्यापकांकडून एवढंच विचारून घेतो की दहावी झालेल्या मुलींपैकी कितीजणी जूनमध्ये पुढच्या वर्गात दिसल्या. आकडा लहान असतो, पण खरा असतो. काही घडलं नसेल तर तेही वहीत लिहा आणि गावकऱ्यांना विचारा की काय चुकलं.

चौथ्या महिन्यापासून आपला भाग कमी करत जायचा. डफ गावातल्या मुलीच्या हातात, सूत्रधार गावातला, आपण मागे साथीला. सहा महिन्यांनी निघताना या वस्तू गावात राहिल्या पाहिजेत: पदांची वही, दोन्ही लिप्यांत लिहिलेली, भजनी मंडळाच्या पेटीत. एक डफ आणि एक तुणतुणं, आशाताईंच्या किंवा युवक मंडळाच्या ताब्यात, लेखी नोंद करून. १०९८ चा आकडा शाळेच्या आणि अंगणवाडीच्या दारावर रंगवलेला. उरलेल्या रंगाचे डबे झाकण घट्ट लावून शाळेच्या कपाटात, प्रत्येकावर छटेचा क्रमांक आणि कुठल्या भिंतीला वापरला ते लिहून. दोन पावसाळ्यांनंतर खालचा पट्टा उडतो, तेव्हा मुलांना तो स्वतःला भरता यावा म्हणून.

आणि त्या कपाटाची एक किल्ली सातवी-आठवीतल्या कुणाकडे तरी असावी, असा आग्रह मुख्याध्यापकांकडे धरा.